ठाणे-नवी मुंबईतून लष्करी पोलोपर्यंत: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बारावीचे निकाल लागले की खारघरच्या आमच्या सोसायटीतले दोन-तीन पालक दर वर्षी माझ्याकडे येतात. मुलाला किंवा मुलीला घोड्याचे वेड असते, सैन्यात जाण्याची इच्छा असते, आणि कुठेतरी पोलोचा, म्हणजे घोड्यावर बसून लांब स्टिकने चेंडू मारण्याच्या खेळाचा, सामना पाहिल्यापासून या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न घरात घोळत असतो. त्यामागची खरी धास्ती पैशाची असते. घोडा विकत घ्यायचा, त्याच्या चंदी-चाऱ्याचा खर्च करायचा, त्याची निगा राखणारा मोतद्दार ठेवायचा, हे नोकरदार घराला झेपणारे नाही, हे त्यांना न सांगताच कळलेले असते.

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. पोलोतही हेच दोन रस्ते आहेत. खासगी पोलो हा शिलेदारांचा खेळ आहे आणि लष्करी पोलो हा बारगिरांचा. मी नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरातून निघालो आणि लष्करातील नोकरीच्या काळात सरकारी घोड्यांवर पोलो खेळलो. एकही घोडा माझ्या मालकीचा कधी नव्हता. ही वाट खुली आहे, परंतु ती नीट सांगणारा कोणी भेटत नाही आणि मुलांची सुरुवातीची दोन-तीन वर्षे चुकीच्या क्रमाने शिकण्यात वाया जातात. तो क्रम पुढे दिला आहे.

१. व्यवस्था कशी चालते हे आधी समजून घ्या

आधुनिक पोलोचे मूळ मणिपूरच्या सगोल कांगजेई या खेळात आहे. तिथून तो इंग्रज लष्करी अधिकारी आणि चहाच्या मळेवाल्यांनी उचलला, आणि १८५९ मध्ये सिलचरला क्लब निघाला. भारतातील पोलोचा कारभार १८९२ साली स्थापन झालेली इंडियन पोलो असोसिएशन पाहते. स्पर्धांचे वेळापत्रक आणि खेळाडूंचे हँडिकॅप (त्यांची पत मोजणारे आकडे) तिच्याकडून ठरतात, आणि तिच्या कारभारात लष्कराचा वाटा मोठा आहे.

लष्कराच्या बाजूने पहिले नाव जयपूरच्या ६१ कॅव्हलरीचे घ्यावे लागते. संस्थानांच्या घोडदळांचे एकत्रीकरण करून १९५३ मध्ये उभी राहिलेली ही रेजिमेंट जगातल्या मोजक्या उरलेल्या घोडदळांपैकी एक आहे, आणि तिच्यात राजपूत व कायमखानी जवानांबरोबर मराठा जवानही भरती होत आले आहेत. तिच्याखेरीज आर्मी सर्व्हिस कोअर (रसद पुरवणारा विभाग), रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर (लष्करी जनावरे सांभाळणारा विभाग), राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल आणि नौदल यांचेही संघ मैदानात उतरतात. पोलो म्हणजे फक्त ६१ कॅव्हलरी, असा समज करून घेऊ नका. घोडे असलेल्या इतर ठिकाणी नेमणूक झालेल्या अधिकाऱ्यालाही शिकण्याची संधी मिळते.

२. हंगामाचे वर्ष डोक्यात बसवा

आपल्याकडे पोलो हा मुख्यतः थंडीचा खेळ आहे. दिल्लीत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आणि फेब्रुवारी-मार्चचा असे दोन हंगाम होतात, डिसेंबरमध्ये जोधपूर आणि कोलकाता गजबजतात, आणि जानेवारीपासून जयपूर रंगते. इंफाळला नोव्हेंबरात मणिपुरी घोड्यांवरचा खेळ पाहायला मिळतो, तो आयुष्यात एकदा तरी पाहावा. घोडे ट्रकने एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. ग्लँडर्ससारख्या रोगांच्या तपासण्या झालेल्या नसतील तर जनावर वाटेतच अडकते, म्हणून पशुवैद्यकाचे दाखले हा हंगामाच्या तयारीचाच भाग असतो. उन्हाळ्यात घोड्यांना विश्रांती देतात आणि नव्या घोड्यांचे शिक्षण सुरू होते.

आपल्या भागात पावसाळा हा निर्णायक घटक आहे. जूनपासून मैदाने चिखलाने भरतात आणि शर्यतीचे घोडेदेखील महालक्ष्मीहून पुण्याला जातात. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्याने जून ते सप्टेंबर हे महिने शरीर कमावण्यासाठी आणि पायी उभे राहून स्टिक फिरवण्यासाठी ठेवावेत, आणि ऑक्टोबर ते मे हे घोड्यावर बसण्यासाठी. पावसाळ्यात प्रवेश घेऊन आगाऊ पैसे भरले आणि तीन महिन्यांत आठ वेळाच घोडा मिळाला, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे.

३. मांड पक्की करा, बाकी सर्व नंतर

हा टप्पा सर्वात लांबचा आहे आणि त्याला आडवाट नाही. पोलोच्या पूर्ण मैदानाची लांबी ३०० यार्ड आणि रुंदी २०० यार्ड, म्हणजे सुमारे साडेबारा एकर, असते. एवढे मैदान ठाण्यात वा नवी मुंबईत खेळासाठी उपलब्ध नाही, परंतु घोडेस्वारी शिकण्यासाठी त्याची गरजही नाही. चांगल्या वाळूचे बंदिस्त रिंगण आणि शांत घोडा एवढे पुरते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. तिथल्या प्रशिक्षणाची आणि प्रवेशाच्या अटींची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. ठाण्याहून पहाटेच्या लोकलने दादर आणि तिथे गाडी बदलून महालक्ष्मी, वाशी-नेरुळकरांना कुर्ला आणि दादर अशा दोन बदल्या, हा प्रवास आठवड्यातून तीनदा करण्याची तयारी नसेल तर जवळचा तबेला शोधावा, पण सातत्य सोडू नये.

माथेरानला तासभर घोड्यावर बसून आलेले मूल 'मला घोडा येतो' असे म्हणते. तिथे घोड्याची दोरी घोडेवाल्याच्या हातात असते, त्यामुळे तो अनुभव आनंदाचा असला तरी स्वारीचा नव्हे.

मी स्वतः ज्या पहिल्या तबेल्यात गेलो तिथे तिसऱ्याच दिवशी माझ्या हातात पोलोची स्टिक देण्यात आली. मला धन्य वाटले. उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात लगाम घेऊन घोडा दुडकीवर आला आणि माझा तोल गेला. रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) पाय घट्ट नव्हते, मांड्यांत पकड नव्हती, म्हणून मी स्वतःला सावरले ते लगामाने. खाली उतरल्यावर पाहिले तर घोड्याच्या तोंडातल्या कडियाळ्याच्या एका कडेला गुलाबी फेस लागला होता आणि घोड्याच्या ओठाचा कोपरा फाटला होता. तो घोडा त्यानंतर माझा हात जवळ आला की मान वर फेकायचा. त्या जनावराचा विश्वास मी परत मिळवू शकलो नाही, कारण तोवर मी तबेला बदलला होता. स्टिक हातात देण्याची घाई करणारा प्रशिक्षक भेटला तर तिथून निघून जावे, असे मी आज स्पष्टपणे सांगतो.

किमान सहा महिने, शक्य असेल तर वर्षभर, फक्त स्वारी करा. आरंभी कदम चाल, मग दुडकी, मग रिकिबी काढून टाकून दुडकी, आणि त्यानंतर धाव. रिकिबी काढल्यावर पहिल्या आठवड्यात मांड्यांच्या आतल्या बाजूला सालपटे निघतात. त्यावर खोबरेल तेल लावून पुन्हा बसावे लागते. मांड पक्की झाली की नाही याची माझी कसोटी साधी आहे: धावत्या घोड्यावर उजवा हात डोक्यावर धरून, लगाम एका हातात सैल ठेवून, कमरेतून डावीकडे आणि उजवीकडे वाकून घोड्याच्या खांद्याकडे पाहता आले पाहिजे, आणि त्या वेळी लगामाला हिसका बसता कामा नये.

या काळात पागेतली कामेही शिका. खरारा करणे, खुरांतली माती काढणे, तंग (खोगिराचा पट्टा) किती आवळायचा ते बोटांनी पाहणे, पायांना पट्ट्या बांधणे ही सर्व कामे लष्करात अधिकाऱ्यालाही यावी लागतात. मोतद्दाराकडून जे शिकाल ते कोणत्याही प्रशिक्षकाकडून मिळणार नाही.

४. लाकडी घोडा आणि पायी सराव

लाकडी घोडा म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात उभा केलेला, खोगीर घातलेला लाकडी ओंडका. भोवतालची जमीन उतरती असते, त्यामुळे मारलेला चेंडू जाळीवर आपटून पुन्हा पायापाशी येतो. इथे चार मूळ फटके घोटवायचे असतात: उजव्या अंगाचा पुढचा आणि मागचा, तसेच डाव्या अंगाचा पुढचा आणि मागचा. स्टिक कोणत्याही अंगाने फिरवायची असली तरी ती उजव्याच हातात धरावी लागते. डाव्या हाताने खेळण्यास नियमाने बंदी आहे, कारण समोरासमोर येणाऱ्या दोन स्वारांची टक्कर टाळण्यासाठी सर्वांची बाजू एकच असणे आवश्यक असते. डावखुऱ्या मुलांनी हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावे आणि दैनंदिन कामांत उजवा हात वापरायला लागावे.

फटका मनगटाने मारायचा नसतो. खांद्यापासून स्टिक सैल सोडायची, तिच्या वजनानेच ती खाली येते, आणि चेंडूवर स्टिकच्या डोक्याची लांब बाजू लागते. स्टिकच्या मुठीची दोरी अंगठ्यातून घेऊन पंजाच्या पाठीवरून फिरवली नाही तर पाचव्या-सहाव्या फटक्यातच स्टिक हातातून निसटते.

लाकडी घोडा मिळत नसेल तर आखूड स्टिक घेऊन मोकळ्या जागेत पायी सराव करा. नेरुळ-बेलापूरच्या खाडीकाठच्या मोकळ्या पट्ट्यांत मुले पहाटे असा सराव करू शकतात. गर्दीच्या बागेत मात्र करू नका. पूर्वी आपल्याकडचे चेंडू बांबूच्या मुळापासून बनत आणि हावडा जिल्ह्यातल्या कारागिरांची त्यासाठी ख्याती होती. आता प्लास्टिकचे चेंडू सर्वत्र दिसतात. चेंडू कोणताही असो, लागला तर हाड मोडतो, हे विसरू नये.

५. 'लाईन' समजल्याशिवाय मैदानात उतरू नका

एका संघात चार खेळाडू असतात. एक चक्कर, म्हणजे खेळाचा एक भाग, सात मिनिटांची असते, सात मिनिटांना घंटा होते आणि खेळ त्यापुढे जास्तीत जास्त अर्धा मिनिट चालू शकतो. आपल्याकडच्या सामन्यांत बहुधा चार ते सहा चकरी असतात. प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलतात, याची नवख्या प्रेक्षकाला फार गंमत वाटते आणि नवखा खेळाडू मात्र दोनदा तरी चुकीच्या दिशेने धावतो. दोन अंपायर घोड्यावर असतात आणि तिसरा मैदानाबाहेर बसतो.

नियमपुस्तक वाचाच, परंतु त्यातला गाभा एकच आहे. चेंडू मारला गेला की तो ज्या रेषेत चालला आहे ती रेषा पुढे-मागे वाढलेली आहे असे समजायचे. तिला लाईन म्हणतात. चेंडू आपल्या उजव्या अंगाला ठेवून जो त्या रेषेवरून येत आहे, त्याचा वाटेवर पहिला हक्क असतो. त्याच्या पुढून धोका होईल अशा रीतीने आडवे जाणे हा सर्वात गंभीर दोष आहे. शिक्षेचे फटके दोष किती गंभीर आहे त्यावरून ठरतात: ६० यार्डांवरून, ४० यार्डांवरून, ३० यार्डांवरून, आणि गोल वाचवण्यासाठी मुद्दाम केलेल्या धोकादायक कृत्याबद्दल थेट गोल.

हा नियम कागदावर पाच मिनिटांत समजतो. घोडा भरधाव असताना तो पाळणे मात्र अवघड जाते. सुमारे साडेचारशे किलोचे दोन घोडे आडवे धडकले तर काय होते, ते मी एकदा वीस पावलांवरून पाहिले आहे. एक घोडा उठला, दुसऱ्याला उठवता आले नाही. म्हणून मी मुलांना घरच्या फरशीवर खडूने रेषा काढून, काडेपेट्या घोडे म्हणून सरकवत, शंभर वेळा उजळणी करायला लावतो: चेंडू कोणी मारला, रेषा कुठे गेली, हक्क कोणाचा, मी कोणत्या बाजूने जवळ जाऊ.

प्रतिस्पर्ध्याला खांद्याला खांदा लावून रेषेवरून बाजूला सारता येते. त्या वेळी दोन्ही घोड्यांचा वेग सारखा आणि कोन लहान असावा लागतो. त्याच्या फटक्याच्या क्षणी त्याची स्टिक आपल्या स्टिकने अडवता येते, पण त्यासाठी घोड्याच्या अंगावरून हात टाकता येत नाही.

६. वर्दीकडे जाणारे दरवाजे

खेळाडू म्हणून थेट लष्करी पोलोत जाता येत नाही. आधी सैन्यात प्रवेश मिळवावा लागतो, आणि तो त्याच परीक्षांतून मिळतो ज्या इतर सर्वांना द्याव्या लागतात. पालकांचा गोंधळ इथेच सर्वाधिक होतो.

पहिला दरवाजा खडकवासल्याच्या एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) आहे. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे वयाची अविवाहित मुले-मुली ती देऊ शकतात, आणि लष्कराच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही विभागाची चालते. घोडेस्वारी हा तिथल्या प्रशिक्षणाचा भाग आहे आणि पोलोही खेळला जातो. मुलींना तिथे २०२२ पासून प्रवेश मिळतो आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, त्यामुळे 'मुलींनी हे स्वप्न पाहून काय करायचे' हा प्रश्न आता कोणी विचारू नये. दहावीनंतर दोन वर्षे तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून मुलांसाठी आहे आणि नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी आहे. दहावीत असतानाच तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. नववीच्या सुट्टीत चौकशी सुरू करणारे घर योग्य वेळी पोहोचते.

दुसरा दरवाजा अधिकारी होण्यासाठी पदवीनंतर देता येणाऱ्या सीडीएस परीक्षेचा आहे. तिसरा जवान म्हणून भरतीचा, जी २०२२ पासून अग्निवीर म्हणून होते. घोडदळात सवार म्हणून लागलेल्या आणि पुढे दफेदार, रिसालदार या पदांपर्यंत पोहोचलेल्या अनेकांनी लष्कराच्या संघांतून उत्तम पोलो खेळला आहे. खेळात पदापेक्षा मांड पाहिली जाते.

इथले दोन धोके ध्यानात ठेवा. अधिकाऱ्याला कोणती रेजिमेंट मिळेल हे गुणवत्ता, पसंती आणि रिकाम्या जागा यांवर ठरते, म्हणून केवळ घोड्यासाठी सैन्यात जाऊ नका. घोडा मिळाला नाही तरी नोकरी मनापासून करायची तयारी हवी. आणि 'घोडदळात लावून देतो' असे सांगून पैसे मागणारा कोणीही भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. कळव्यातल्या एका ओळखीच्या घराने अशा माणसाला सोन्याची बांगडी मोडून पैसे दिले होते; ते परत आले नाहीत.

७. खेळाडू कसा घडतो: जुना घोडा आणि हँडिकॅप

लष्करात नवख्याला तरुण, देखणा घोडा मिळत नाही. त्याला पागेतला सर्वात जुना घोडा देतात, आणि त्याबद्दल नाराज होऊ नये. मला मिळालेली घोडी अठरा वर्षांची होती, तिच्या कपाळावरचे केस पांढरे झाले होते. मागच्या फटक्याचा आवाज झाला की मला चेंडू कुठे गेला ते कळायच्या आत ती वळायला लागायची, आणि मी लगाम उलट ओढला तर कान मागे टाकून थांबून राहायची. चेंडू कुठे जाणार हे फटक्याच्या आवाजावरून ओळखायला मी तिच्याकडून शिकलो. सरकारी घोडे सहारनपूर आणि हेमपूरच्या रिमाउंट केंद्रांतून शिकून येतात, तरी पोलोसाठी त्यांना स्टिक, चेंडू आणि धक्क्याची सवय करायला आणखी बराच काळ द्यावा लागतो. तो काळ नवख्याच्या हाती सोपवला तर घोडा आणि स्वार दोघेही बिघडतात.

खेळाडूची पत हँडिकॅपने मोजतात. तो उणे २ पासून १० पर्यंत असतो. त्याचा अर्थ तेवढे गोल करणारा असा नसून संघाला त्याची किंमत किती, एवढाच असतो. नवखा उणे २ वर सुरू करतो. समिती स्वारी, फटका, खेळाची जाण आणि घोड्यांची गुणवत्ता पाहून तो वेळोवेळी बदलते. चार खेळाडूंची बेरीज म्हणजे संघाचा हँडिकॅप. दोन संघांतला फरक चकरींच्या संख्येने गुणून सहाने भागतात आणि अपूर्णांक आला तर तो अर्धा गोल धरतात. उदाहरणार्थ, ४ चा संघ ६ च्या संघाशी चार चकरी खेळणार असेल, तर २ गुणिले ४ भागिले ६ म्हणजे एकपूर्णांक एक तृतीयांश, आणि दुबळ्या संघाला सुरुवातीलाच दीड गोल मिळतो. फलकावर खेळापूर्वीच दीड गोल पाहून नवखा प्रेक्षक चक्रावतो.

उणे २ वरून शून्यावर यायला मला चार हंगाम लागले आणि मी त्यापुढे फारसा गेलो नाही. आपल्याच देशात राव राजा हनुत सिंह यांचा हँडिकॅप एके काळी ९ होता, आणि १९५७ मध्ये जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह यांच्या नेतृत्वाखाली हनुत सिंहांसह भारतीय संघाने फ्रान्समधल्या दोव्हिलचा सुवर्णचषक जिंकला. मुलांना हे नक्की सांगावे.

८. कागदपत्रे आणि साहित्य

घोडेस्वारीच्या प्रवेशासाठी साधारणपणे पुढील गोष्टी लागतात:

- आधार कार्ड, जन्मदाखला आणि छायाचित्रे
- डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, त्यात पाठ आणि गुडघ्यांचा स्पष्ट उल्लेख असावा
- अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे संमतिपत्र
- अपघात विमा. पॉलिसीत घोडेस्वारी वगळलेली नाही ना, हे वाचून घ्यावे
- धनुर्वाताची लस, कारण तबेल्यातली जखम कधीही हलकी समजू नये

साहित्यात हेल्मेट आणि टाच असलेले बूट एवढेच पहिल्या वर्षी स्वतःचे घ्या. हेल्मेट वापरलेले घेऊ नका; आत तडा गेलेला असला तरी बाहेरून दिसत नाही. गुडघ्याची ढाल, तोंडापुढची जाळी आणि स्वतःची स्टिक चकरी सुरू झाल्यावर घ्यावी. स्टिकची लांबी घोड्याच्या उंचीवर आणि आपल्या हातावर ठरते, साधारण ५० ते ५४ इंच, त्यामुळे घोडा ठरण्याआधी घेतलेली स्टिक बहुधा कोपऱ्यात पडून राहते.

९. पहिली चक्कर

पहिली चक्कर सरावाची, सावकाश आणि ओळखीच्या खेळाडूंबरोबर असावी. तुम्हाला १ नंबर, म्हणजे सर्वात पुढच्या खेळाडूची जागा, देतील. तुमचे काम समोरच्या संघातल्या ४ नंबरच्या, बचाव करणाऱ्या खेळाडूला सोडायचे नाही, एवढेच. चेंडू मारण्याच्या मागे लागू नका. तोंडाने बोलत राहा, 'माझा', 'तुझा', 'सोड', कारण मागून येणाऱ्याला तुमचा इरादा आवाजातूनच कळतो. शंका आली तर रेषा सोडून द्या; सोडलेल्या चेंडूबद्दल कोणी रागावत नाही.

घंटा झाली की घोडा एकदम थांबवू नका, दुडकीवरून कदमावर आणा. खाली उतरा, तंग दोन भोके सैल करा, आणि श्वास शांत होईपर्यंत त्याला हाताने धरून चालवा. घोडा धुण्याआधी पायांच्या पट्ट्या सोडा आणि गुडघ्याखालच्या चारही नळ्यांवरून तळहात फिरवा. एखादी नळी इतर तिन्हींपेक्षा गरम लागली तर मोतद्दाराला आणि पशुवैद्यकाला लगेच सांगा, आणि त्या दिवशी तो घोडा पुन्हा मागू नका.